विचित्र रेडिओ स्रोताची यजमान दीर्घिका ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोफार दुर्बिणीच्या १४४ मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणात साधारण एक आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग) व्यासाचं, एका बाजूने तुटलेलं कडं दिसलं. कड्याच्या काठावर १७.८ प्रतीची एक ठळक सर्पिल दीर्घिका आहे (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक). मध्याजवळ दोन अंधूक, लालसर दीर्घिका आहेत. दोन्ही २१व्या प्रतीच्या आसपास, एक मध्यापासून ३ आर्कसेकंदांवर (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) आणि दुसरी ८ आर्कसेकंदांवर. यांपैकी हे कडं कुणाचं, म्हणजे त्याची यजमान दीर्घिका कोणती, आणि ते इतरांना पटेल असं कसं दाखवायचं?

एवढ्या माहितीवर तिघींपैकी एकीचंही नाव घेता येत नाही. पण पुढचा रस्ता स्पष्ट आहे आणि त्यातलं बरंचसं काम उपलब्ध सर्वेक्षणांवरच होतं.

नेहमीच्या रेडिओ दीर्घिकेत यजमान शोधणं सोपं जातं, कारण रचना आपल्या ओळखीची असते. दोन लोब, म्हणजे दोन बाजूंना पसरलेले रेडिओ ढग, मधे गाभा, आणि गाभ्यावर बहुधा एक लंबवर्तुळाकार दीर्घिका. अशा हजारो जोड्या तपासलेल्या असल्यामुळे यजमान किती तेजस्वी असावी, मध्यापासून किती सरकलेली असू शकते, याचे अंदाज हाताशी असतात. सदरलंड आणि सॉन्डर्स यांनी १९९२ मध्ये मांडलेली लाइकलिहूड रेशोची (उमेदवार खरा असण्याची शक्यता आणि तो योगायोगाने तिथे असण्याची शक्यता यांच्या गुणोत्तराची) पद्धत याच अंदाजांवर चालते. विचित्र स्रोताच्या बाबतीत नेमकं हेच भांडवल नसतं. कडं म्हणजे बाहेर पसरणाऱ्या धक्कालहरीचं कवच असेल तर यजमान मध्यावर हवी. ते वाकलेल्या शेपटीचं टोक असेल तर यजमान एका कडेला हवी. पर्सियस समूहातली एनजीसी १२६५ पाहा. तिची रेडिओ शेपटी लांबवर मागे पसरली आहे आणि दीर्घिका थेट एका टोकाला बसली आहे. म्हणजे ‘मध्य’ कुठला हेच आपण स्रोताच्या स्वरूपाबद्दल काय गृहीत धरतो त्यावर ठरतं. मग त्या मध्यावरून दीर्घिका निवडायची, आणि त्या दीर्घिकेवरून स्रोताचं स्वरूप सिद्ध करायचं, असं केलं की आपण जागच्या जागी फिरत राहतो. माझा सगळा आग्रह हे चक्र तोडण्यावर आहे. जागा मोजमापाने ठरू दे. ते काय आहे याची कहाणी त्यानंतर.

या आग्रहामागे इतिहास आहे. सिग्नस ए हा आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक. ग्रॅहम स्मिथ यांनी १९५१ मध्ये त्याची अचूक जागा काढली आणि तिच्या आधारे बाडे व मिन्कोव्स्की यांनी एक अंधूक दीर्घिका हेरली. त्यांचं काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास जेनिसन आणि दासगुप्ता यांनी दाखवलं की रेडिओ लहरी दोन वेगळ्या भागांतून येतात आणि दीर्घिका त्या दोहोंच्या मधे आहे. बाडे यांना त्या दीर्घिकेत दोन दीर्घिकांची टक्कर दिसली आणि ऊर्जा तिथूनच येते असं त्यांचं मत होतं. ते स्पष्टीकरण टिकलं नाही, यजमान मात्र टिकली, कारण ती जागेवरून ठरली होती. टक्कर झालेल्या दीर्घिका शोधत कुणी निघालं असतं तर त्या पट्ट्यात मनासारखं काहीतरी सापडलंच असतं.

आता तुमच्या कड्याकडे येऊ.

पहिली गोष्ट, दृश्य प्रकाशातली प्रतिमा बंद करा आणि फक्त रेडिओ प्रतिमेवर काम करा. कड्याच्या जाडीत जिथे तीव्रता सर्वाधिक आहे ती रेषा आखून तिच्यावर वर्तुळ बसवा, मग लंबवर्तुळ बसवा. तुटलेली बाजू एकदा धरून आणि एकदा वगळून पाहा. चारही वेळा केंद्र थोडं थोडं सरकेल. तो सरकण्याचा पल्ला म्हणजे तुमची खरी अनिश्चितता. सॉफ्टवेअर सांगतं ती त्रुटी जवळजवळ नेहमी याहून बरीच लहान असते. बिंदूसारख्या स्रोताची जागा साधारणपणे बीमच्या (प्रतिमेत एक बिंदू जेवढा पसरून दिसतो त्या ठिपक्याच्या) रुंदीला सिग्नल-नॉइज (संकेत आणि गोंगाट यांच्या) गुणोत्तराच्या दुपटीने भागून येते. ६ आर्कसेकंदांचा बीम आणि १० गुणोत्तर असेल तर ०.३ आर्कसेकंद. हे सूत्र पसरलेल्या कड्याला लावू नका. कड्याचं केंद्र हे मोजलेलं स्थान नसून काढलेला निष्कर्ष असतो. केंद्र आणि त्याची अनिश्चितता वहीत लिहून झाल्याशिवाय दीर्घिका पाहू नका. आधी पाहिल्या तर चार पद्धतींपैकी नेमकी तीच बरोबर वाटू लागते, जिच्यात आवडती दीर्घिका मध्यावर येते.

दुसरी गोष्ट संभाव्यतेची. इथे आकडे सविस्तर मांडतो, कारण गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

२१व्या प्रतीपर्यंतच्या दीर्घिका आकाशाच्या एका चौरस अंशात साधारण सहा हजार असतात. एका चौरस अंशात सुमारे १ कोटी ३० लाख चौरस आर्कसेकंद बसतात. केंद्रापासून ३ आर्कसेकंदांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २८ चौरस आर्कसेकंद. त्यात अशी एखादी दीर्घिका निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता येते सुमारे १.३ टक्के. वाचायला छान वाटतं. ८ आर्कसेकंदांवरच्या दुसरीसाठी हाच हिशेब ९ टक्क्यांवर जातो, त्यामुळे पहिली जिंकली असं वाटतं. पण केंद्राचीच अनिश्चितता ३ आर्कसेकंद असेल, तर ३ आणि शून्य या अंतरांत फरक करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. अशा वेळी शोधाची त्रिज्या अनिश्चिततेच्या तिप्पट, म्हणजे ९ आर्कसेकंद घ्यायला हवी. मग योगायोगाची शक्यता ११ टक्के होते आणि दोन्ही लालसर दीर्घिका सारख्याच पात्र ठरतात.

आता ती ठळक सर्पिल. १७.८ प्रतीपर्यंतच्या दीर्घिका चौरस अंशात जेमतेम ९० असतात. ३० आर्कसेकंदांच्या त्रिज्येत अशी एखादी योगायोगाने येण्याची शक्यता २ टक्के. सूत्रावर विसंबलं तर काठावरची सर्पिल मध्यावरच्या लालसर दीर्घिकांपेक्षा चांगली उमेदवार ठरते. हाच आकडा दाखवून सर्पिलेला यजमान ठरवलेलं मी बऱ्याचदा वाचलं आहे. यातली मेख अशी की ती सर्पिल ६० आर्कसेकंदांवर असती तरी तुमच्या नजरेत भरलीच असती आणि प्रश्नात आली असती. त्या त्रिज्येने हिशेब केला की शक्यता साडेसात टक्के होते. त्यातच, लोफारच्या या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या प्रकाशनात ४४ लाखांच्या आसपास स्रोत आहेत. त्यांतून विचित्र दिसतो म्हणून आपण एक वेचून काढतो. पन्नासात एकदा घडणारा योगायोग इतक्या मोठ्या ढिगाऱ्यात ठायी ठायी घडतो, आणि नेमकी तीच ठिकाणं आपल्याला ‘विचित्र’ वाटतात. दोन असंबद्ध गोष्टी शेजारी आल्यामुळेच कित्येकदा स्रोत विचित्र दिसत असतो.

म्हणून संभाव्यतेचा आकडा उमेदवार गाळण्यासाठी वापरा, निवडण्यासाठी नको. निवड होते ती रेडिओ गाभ्यावर.

तिसरी गोष्ट तीच, गाभा. लालसर दीर्घिकांपैकी एखादीच्या मध्यबिंदूवर लहान, बिंदूसारखा रेडिओ स्रोत आहे का ते पाहा. व्हीएलए दुर्बिणीचं २ ते ४ गिगाहर्ट्झचं आकाश-सर्वेक्षण यासाठी सोयीचं आहे. त्याचं रेझोल्यूशन सुमारे अडीच आर्कसेकंद, त्यामुळे एकमेकांपासून किमान ५ आर्कसेकंदांवर असलेले तुमचे दोन उमेदवार आरामात वेगळे होतात. व्हीएलएच्याच ‘फर्स्ट’ नावाच्या जुन्या सर्वेक्षणाचं रेझोल्यूशन ५ आर्कसेकंद, तेही चालेल. कडं यांपैकी कशातही न दिसण्याची शक्यता मोठी आहे. जास्त वारंवारितेला ते मुळातच फिकं असतं, शिवाय दूरदूर ठेवलेल्या अँटेनांच्या मांडणीत पसरलेला प्रकाश गळून जातो. कडं दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका. तिथे आपल्याला फक्त ठिपका हवा आहे.

ठिपका सापडला तरी लगेच निकाल लावू नका. लोफारच्या त्या सर्वेक्षणात दर चौरस अंशाला पावणेआठशेच्या आसपास स्रोत आहेत. तुमच्या कड्याच्या पोटात त्यांतला एखादा असंबद्ध स्रोत येण्याची शक्यता १७ टक्के, म्हणजे साधारण सहात एक. ‘कड्याच्या आत एक रेडिओ ठिपका आहे’ या विधानाला त्यामुळे फारसं वजन नाही. ‘फर्स्टमध्ये १ मिलीजान्स्कीहून प्रखर ठिपका आहे आणि तो या दीर्घिकेच्या मध्यबिंदूपासून एका आर्कसेकंदाच्या आत आहे’ या विधानाला मात्र प्रचंड वजन आहे (जान्स्की हे रेडिओ प्रखरतेचं एकक). तेवढ्या प्रखरतेचे स्रोत चौरस अंशात सुमारे ९० आहेत, त्यामुळे असा मेळ योगायोगाने बसण्याची शक्यता लाखात दोन-तीन इतकीच उरते. अर्थात यातून सिद्ध होतं ते एवढंच की ती दीर्घिका रेडिओ लहरी सोडते. ती कड्याची जननी आहे हे सिद्ध व्हायला आणखी दुवा लागतो. गाभ्यातून कड्याच्या दिशेने निघालेला जेट, म्हणजे द्रव्याचा झोत, दिसला, किंवा दोघांना जोडणारा फिकट पूल दिसला, तर काम झालं. तो दिसला नाही तर गाभ्याचा स्पेक्ट्रल इंडेक्स (वारंवारितेनुसार प्रखरता किती बदलते हे सांगणारा आकडा) काढा. सक्रिय गाभ्याचा वर्णपट सहसा सपाट असतो आणि म्हाताऱ्या लोबचा उणे ०.७ किंवा त्याहून तीव्र उताराचा. सपाट ठिपका म्हणजे तिथलं कृष्णविवर आजही काम करत आहे.

सर्पिलेच्या बाबतीत याच कसोटीची एक अडचण आहे. ताऱ्यांची निर्मिती चालू असलेली कोणतीही जवळची सर्पिल दीर्घिका रेडिओत दिसतेच. तिच्यावर रेडिओ प्रकाश आढळला तर तो कड्याशी संबंधाचा पुरावा होत नाही. तो तबकडीभर पसरला आहे की केंद्रात एकवटला आहे, एवढंच पाहायचं. ‘सर्पिल दीर्घिकेतून मोठे जेट निघत नाहीत’ म्हणून तिला बाद करणंही चूक. २०१४ मध्ये जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी जे२३४५−०४४९ या सर्पिलेभोवती सुमारे १६ लाख पार्सेक (एक पार्सेक म्हणजे साधारण ३.२६ प्रकाशवर्षं) लांबीची रेडिओ रचना दाखवली. तो दावा टिकला, कारण गाभा नेमका दीर्घिकेच्या केंद्रात होता आणि लोबच्या दोन जोड्या त्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. असाधारण दाव्यासाठी कसोटी वेगळी लागली नाही, तीच कसोटी अधिक काटेकोरपणे लावली गेली.

अपेक्षेला किती कमी महत्त्व द्यावं हे फास्ट रेडिओ बर्स्टनी (एफआरबी, म्हणजे काही मिलीसेकंदांच्या रेडिओ स्फोटांनी) फार ठसठशीतपणे शिकवलं. एफआरबी २०१२११०२ए आरेसिबो दुर्बिणीने पकडला तेव्हा जागेची अनिश्चितता काही आर्कमिनिटांची होती आणि तेवढ्या क्षेत्रात उमेदवारांची रीघ होती. तो स्फोट पुन्हा पुन्हा होतो असं दिसल्यावर व्हीएलएने त्याची जागा ०.१ आर्कसेकंदाच्या आसपास आणली. २०१७ मध्ये त्या जागी ०.१९३ रेडशिफ्टची (रेडशिफ्ट म्हणजे प्रकाशाची लाल बाजूला सरक, जिच्यावरून अंतर कळतं), २५व्या प्रतीची एक खुजी दीर्घिका निघाली. तेजस्वी किंवा वजनदार दीर्घिका निवडण्याचा नियम लावला असता तर ती यादीत शेवटीसुद्धा आली नसती.

याच्या उलट उदाहरण एफआरबी १५०४१८चं. २०१६ च्या फेब्रुवारीत असं जाहीर झालं की पार्क्स दुर्बिणीने पकडलेल्या या स्फोटानंतर त्याच क्षेत्रात सुमारे सहा दिवस मावळत जाणारा रेडिओ स्रोत दिसला, आणि तो ०.४९२ रेडशिफ्टच्या एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेत होता. काही आठवड्यांतच विल्यम्स आणि बर्गर यांनी दाखवलं की तो स्रोत पुन्हा उजळतो. दीर्घिकेतलं सक्रिय केंद्रकच (कृष्णविवरामुळे प्रखर झालेला मध्यभाग) कमीजास्त होत होतं. रेडशिफ्ट बरोबर होता, दीर्घिका खरी होती, दुवा तेवढा निखळला. ‘त्या क्षेत्रात त्याच वेळी बदलणारा’ हे लक्षण वाटतं तितकं दुर्मीळ नसतं, आणि किती दुर्मीळ आहे हे आधी मोजावं लागतं.

तुमच्या स्रोताशी जवळचं नातं आहे ते ऑर्कशी, म्हणजे ऑड रेडिओ सर्कल्सशी. एएसकेएपी दुर्बिणीच्या ईएमयू सर्वेक्षणाच्या चाचणीत ती सापडली आणि रे नॉरिस व सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिल्या ऑर्कच्या मध्यावर ०.५५ रेडशिफ्टची दीर्घिका आहे. चौथं वर्तुळ जीएमआरटी दुर्बिणीच्या ३२५ मेगाहर्ट्झच्या जुन्या निरीक्षणांत सापडलं, त्याच्या मध्यावर ०.४५ ची. पाचव्याच्या मध्यावर ०.२७ ची. एकेका वर्तुळासाठी ‘मध्यावर दीर्घिका आहे’ हा पुरावा कमकुवतच होता. तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकसारख्या लाल, जड दीर्घिका मध्यावर आल्या तेव्हा कुठे त्याला बळ आलं. दुसरं आणि तिसरं वर्तुळ एकमेकांच्या शेजारी आहे आणि त्यांच्या मध्यावर तशी स्पष्ट दीर्घिका नाही, म्हणून ती जोडी वेगळ्या प्रकारची असू शकते असंच मांडलं गेलं. तुमच्याकडे एकच कडं आहे. बाकीच्यांची पुण्याई त्याला आपोआप लागू होत नाही, कारण ते त्याच जातीचं आहे का हाच तर प्रश्न आहे.

आकारमानाचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी करून ठेवा. सर्पिल ०.०३ रेडशिफ्टवर असेल तर एक आर्कसेकंद म्हणजे ०.६ किलोपार्सेक, आणि तुमचं कडं ३६ किलोपार्सेकचं. जवळपास एका मोठ्या दीर्घिकेच्या तबकडीएवढं. लालसर दीर्घिका ०.५ वर असेल तर एक आर्कसेकंद ६.१ किलोपार्सेक होतो आणि तेच कडं ३६० किलोपार्सेकच्या वर जातं. दोन्ही आकडे निसर्गात शक्य आहेत, त्यामुळे त्यांवरून निवड होत नाही. निवड चुकली तर मात्र आकारमान दहापट चुकतं आणि ऊर्जेचा अंदाज शेकडो पटींनी. महाकाय रेडिओ दीर्घिकांच्या यादीत शिरण्यासाठी दूरची यजमान निवडण्याचा मोह होतो तो इथेच. २०२४ मध्ये जाहीर झालेली पॉर्फिरियनची जेट-जोडी सुमारे ७० लाख पार्सेक लांब आहे. लोफारच्या प्रतिमेत ती सापडल्यावर ती नेमकी कोणत्या दीर्घिकेतून निघते हे ठरवायला अद्ययावत जीएमआरटीची निरीक्षणं घ्यावी लागली, आणि अंतरासाठी केक दुर्बिणीचा वर्णपट. विक्रम यजमानाच्या निवडीवर उभा होता, म्हणून निवडीसाठी स्वतंत्र निरीक्षणं घेतली गेली.

आणखी काही गोष्टी झटपट. प्रतिमा एकमेकांवर ठेवताना स्क्रीनशॉट वापरू नका, निर्देशांकांसह मूळ मोजमापं असलेल्या फिट्स फाइली घ्या. अलादिन या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आजूबाजूच्या दहा-बारा बिंदूसारख्या रेडिओ स्रोतांचे दृश्य जोडीदार तपासा. सगळे एकाच दिशेला सरकलेले दिसले तर ती प्रतिमेची त्रुटी आहे, आणि ती आधी दुरुस्त करा. ‘लालसर दीर्घिका’ म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला लाल तारा नाही ना, हे गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या यादीत पाहा. तिथे लंबन किंवा स्वगती, म्हणजे जवळच्या ताऱ्याचं आकाशातलं सरकणं, आढळली तर विषय संपला. वाइज उपग्रहाच्या अवरक्त प्रतिमा जरूर बघा, पण त्यांचं रेझोल्यूशन ६ आर्कसेकंदांचं आहे, त्यामुळे तुमच्या दोन दीर्घिकांचा प्रकाश एकमेकांत मिसळू शकतो. ३.४ आणि ४.६ मायक्रॉनच्या प्रतींमधला फरक ०.८ हून जास्त असेल तर सक्रिय केंद्रकाचा भक्कम संशय घ्या. कमी असेल तर काहीच ठरत नाही, कारण मोठे लोब असलेल्या कित्येक दीर्घिकांची केंद्रकं अवरक्तात शांत असतात.

आणि एक शक्यता, जी फार कमी लोक यादीत लिहितात: यजमान दीर्घिका नसेलच. दीर्घिकासमूहांच्या टकरीतून तयार होणारे रेडिओ रेलिक कमानीसारखे दिसतात आणि ते कुठल्याही एका दीर्घिकेचे नसतात. आकाशगंगेच्या प्रतलाजवळ असाल तर सुपरनोव्हाचे अवशेष आणि ग्रहीय तेजोमेघ हुबेहूब कड्यासारखे दिसतात. म्हणून गॅलॅक्टिक अक्षांश (आकाशगंगेच्या प्रतलापासूनचं कोनीय अंतर) किती आहे आणि आसपास क्ष-किरणांत दिसणारा दीर्घिकासमूह आहे का, हे गाभा शोधायच्याही आधी पाहून घ्या.

एवढं करून निकाल लागला नाही तर तसंच लिहा. दोन्ही लालसर दीर्घिकांचे निर्देशांक, दोघींसाठीची शक्यता, दोन्ही अंतरांवर येणारं आकारमान, आणि सर्पिल का मागे पडली याचं कारण. शीर्षकात एकच रेडशिफ्ट टाकू नका. सारांशातला आकडा पुढच्या दहा शोधनिबंधांत जशाच्या तसा उतरतो, शंका मात्र मजकुरातच राहून जाते.

दुर्बिणीचा वेळ मागायचा झाला तर दोन मागण्या पुरेशा आहेत. एक, गाभ्यासाठी एका आर्कसेकंदाच्या आसपासचं रेझोल्यूशन देणारं खोल रेडिओ निरीक्षण, शक्य तर दोन वारंवारितांना, म्हणजे स्पेक्ट्रल इंडेक्स त्यातूनच मिळेल. दुसरी, वर्णपट. रंगांवरून काढलेले रेडशिफ्ट सक्रिय केंद्रक असलेल्या दीर्घिकांत दगा देतात, त्यामुळे खरा वर्णपट हवाच. तुमचे दोन उमेदवार एकमेकांपासून फार दूर नाहीत. स्लिटचा (वर्णपटमापकाच्या फटीचा) कोन दोघींना जोडणाऱ्या रेषेवर लावलात तर एकाच एक्स्पोजरमध्ये दोघींचे वर्णपट मिळतील, आणि त्या दोघी एकाच समूहातल्या आहेत की एकमेकींच्या मागेपुढे, हेही त्याच रात्री कळेल.